उणे चार दिवसांचा मुक्काम

२ फेब्रुवारी

टिल्ल्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई वाया घालवत नाही.

कामाचं तेवढं लिहिते. तू इकडे ये. बारा एप्रिलच्या आत ये. चौदा तारखेला माझं इथे एक छोटंसं काम आहे, त्यात मी अडकेन, मग तू आलास काय नि न आलास काय.

मला या देशात येऊन एकोणतीस वर्षं झाली. तेवढ्यात मी सहा वेळा तिकडे येऊन गेले, आणि तू एकदाही आला नाहीस. चौतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून अर्ध्या गावाला परदेशी पाठवलंस. कुणी विमानाने, कुणी बोटीने, कुणी बस बदलत बदलत. सगळे पोचले, सगळ्यांनी तुझं नाव घेतलं. आणि सख्ख्या बहिणीकडे यायचं म्हटलं की तुझ्या खिडकीवर "जेवणाची सुट्टी" अशी पाटी. तुझे भावोजी गेले तेव्हाही ती पाटी निघाली नाही. असो. तीन वर्षं झाली त्याला.

विमानाने सात तास लागतात. सात तास म्हणजे काय रे, तुझी दुपारची झोप आणि चहा धरून एक दिवस.

शिवणाचं दुकान मी बंद केलं. कंटाळा आला. आता वेळच वेळ आहे. तुझ्या भाचीने तुझ्यासाठी माळ्यावरची खोली रिकामी केली आहे आणि तुझ्या उंचीचा विचार करून पलंग लहानच घेतला आहे.

फोन करू नकोस. पत्रच लिही. फोनवर तुझ्या "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का"मध्येच पाच मिनिटं जातात.

वाट बघते.

ताई

•

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो उभ्यानेच घातला आहे, पण साष्टांगच समजावा.

तुझं पत्र आलं आणि आनंद झाला. लगेच कपाटावरचा माझा ग्रंथ खाली काढला. तुला आठवत असेल, निवृत्त होताना मी ऑफिसातून घड्याळ मागितलं नाही, शाल मागितली नाही, माझं जाडजूड वेळापत्रक मागून घेतलं. लाल शाईने केलेल्या माझ्या दुरुस्त्यांसकट. आता सहा वर्षं ते कपाटावर आहे आणि ही म्हणते त्याच्यावरची धूळसुद्धा निवृत्तिवेतन घेते.

तर पर्याय असे. खिडकीवरचा आमचा नियम तुला माहीत आहे, पर्याय सांगायचे, सल्ला द्यायचा नाही. गिऱ्हाईक स्वतः मीच असलो म्हणून नियम मोडता येत नाही.

विमान. थेट सात तास, किंवा मध्ये बदलून अकरा. जलद आहे हे मान्य. पण विमानाचं दार एकदा लागलं की लागलं. बसमध्ये कसं, पोटात कळ आली तर "थांबवा हो" म्हणता येतं. विमानात असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे, म्हणजे ऐकून ठाऊक आहे. शिवाय कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न अजून कुणी सोडवलेला नाही.

बोट. आगगाडीने बंदराच्या गावापर्यंत दोन दिवस, पुढे चार दिवस पाणी, मग तुझ्या गावापर्यंत बस. बोटीवर चालता येतं, फिरता येतं, कंटाळा आला तर कठड्याला टेकून कंटाळता येतं. फक्त मला पोहता येत नाही.

जमिनीवरून. दोन सरहद्दी, तीन आगगाड्या, पाच बसगाड्या. हा मला सर्वांत आवडला, कारण पाय सतत जमिनीजवळ राहतात. तपशील मांडून कळवतो.

आणि फोन करू नकोस म्हणालीस तरी मी परवा केलाच. भाचीने उचलला. म्हणाली, आई अंगणात आहे. मागे एकदा केला तेव्हाही अंगणात होतीस. अगं, बाहेर बर्फ पडत असताना तू अंगणात काय करतेस? का परदेशात राहून आता भावाचा फोन घेणं कमीपणाचं वाटायला लागलं? रागावून लिहीत नाही, विचारतो आहे.

तुझा अल्पबुद्धी (आणि अल्पउंची) भाऊ,
टिल्लू

•

२४ फेब्रुवारी

टिल्ल्या,

मी भाऊ मागितला आणि तू वेळापत्रक पाठवलंस.

तुझे पर्याय वाचले. कोपराचा प्रश्न वाचून तर मी शिवणयंत्रावर डोकं टेकलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! अरे, तुझ्या वयाची माणसं इथे रोज उतरतात विमानातून, काठी टेकत, नातवंडं कडेवर घेऊन. त्यांना कोपरं नसतात का?

मला एक कळतं आहे, ते लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. तुला यायचं नाही. भावोजींनी मला इकडे आणलं तेव्हा तू स्टेशनवर त्यांच्याशी बोलला नव्हतास. माझी ट्रंक उचललीस आणि त्यांची पिशवी तशीच फलाटावर ठेवलीस. ते अखेरपर्यंत हसून सांगायचे ती गोष्ट. ते गेले तेव्हा तुझं पत्र आलं, "रजेची अडचण". निवृत्त माणसाला रजेची अडचण! मी तेव्हा काही बोलले नाही. पण टिल्ल्या, मेलेल्या माणसावर इतकी वर्षं राग धरत नाहीत रे.

राग असला तर असू दे. रागातच ये. येऊन तोंडाने दोन शिव्या घाल त्यांच्या फोटोपुढे. पण बाराच्या आत ये. मी पुन्हा सांगणार नाही.

ताई

•

६ मार्च

तीर्थरूप ताई,

नमस्कार.

पिशवीचं खरं कारण असं की ती मला उचललीच नाही. तुझी ट्रंक नेतानाच कमरेत उसण भरली होती आणि नव्या मेव्हण्यापुढे ते सांगायची लाज वाटली. एवढंच. राग नाही. राग धरायला लागतो तेवढा दम माझ्यात कधीच नव्हता.

आता प्रवासाचं. जमिनीवरचा मार्ग मी पूर्ण मांडला. चार संध्याकाळी लागल्या, तीन पेन्सिली झिजल्या. तुला ठाऊक आहे, मी लोकांना सांगायचो, एक गाडी बदलून दुसरी पकडायची तर मध्ये अर्धा दिवस हाताशी ठेवा. स्वतःसाठी म्हणून मी एकेक पूर्ण दिवस ठेवला. सरहद्दीवर दोन. असं करत करत जायला सोळा दिवस आणि यायला सोळा दिवस होतात.

इकडे हिने माझी रजा मंजूर केली आहे ती चार आठवड्यांची. तेवढ्यापलीकडे पाण्याची टाकी, वरचा भाडेकरू आणि स्वतःचा पाय हे तिघं तिला एकटीला झेपणार नाहीत म्हणते, आणि ते खरं आहे. अठ्ठावीसातून बत्तीस वजा केले. तुझ्याकडे माझा मुक्काम उणे चार दिवस होतो. म्हणजे तुझ्या दाराशी पोचायच्या चार दिवस आधीच मला परत निघावं लागेल. मी तीनदा हिशेब केला. ही म्हणाली, "अहो, मग वाटेतच वन्संना हात करा आणि वळा."

ऑफिसात मला सगळे "ज्ञानेश्वरी खिडकी" म्हणायचे, आठवतं? एकही प्रश्न अनुत्तरित जाणार नाही म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आज तो पाषाण स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसला आहे आणि कणीक मळायला जागा नाही म्हणून बोलणी खातो आहे.

व्हिसा मात्र झाला आहे. फोटोत मी चोरासारखा दिसतो, पण तो शिक्का मारणारा म्हणाला, सगळेच तसे दिसतात.

आता बोटीचा विचार करतो आहे. तुझं ते चौदा तारखेचं काम थोडं पुढे ढकलता येणार नाही का? म्हणजे मे महिन्यात समुद्र शांत असतो.

टिल्लू

•

१५ मार्च

मामा,

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तिची पत्रं पेटीत टाकायला मीच नेते, त्यामुळे हे तिला कळणार नाही. तू पण बोलू नकोस.

तुझं सहा तारखेचं पत्र आईने मला वाचून दाखवलं. उणे चार दिवसांपाशी ती हसली आणि "मे महिन्यात"पाशी उठून आत गेली. म्हणून आता मला लिहावंच लागतं आहे.

मामा, आईला ऐकू येत नाही. डाव्या कानाने दोन वर्षं काहीच नाही. उजव्या कानाने, अगदी कानाशी तोंड नेऊन, हळू हळू बोललं तर येतं. फोनवरचं येत नाही. रेकॉर्ड केलेलं येत नाही, नुसती खरखर होते. म्हणून तुझा फोन आला की ती मला खूण करते आणि मी "अंगणात आहे" म्हणते. बर्फाचं मला सुचलं नाही, चुकलंच. दुकान तिने कंटाळा आला म्हणून बंद केलं नाही. गिऱ्हाइकं मापं कागदावर लिहून द्यायला लागली, ते तिला सोसलं नाही.

चौदा एप्रिलला तिचं ऑपरेशन आहे. उजव्या कानात आत एक यंत्र बसवणार. त्यानंतर तिला ऐकू येईल, चांगलं येईल, फोनसुद्धा करता येईल असं डॉक्टर म्हणतात. पण आता त्या कानात जे थोडं शिल्लक आहे ते बहुतेक जाणार. यंत्रातून आवाज येतात ते आपल्या ओळखीचे नसतात, सगळे सारखे येतात, पत्र्यातून आल्यासारखे. पुढे सवय होते. पण जुना आवाज जसाच्या तसा परत मिळत नाही.

म्हणून तिचं सध्या एकच चाललं आहे. रोज एकेका माणसाला बोलावून कानाशी बोलायला लावते. पोस्टमन झाला, समोरची आजी झाली, मी तर रोज. तिने यादी केली आहे. त्यात बाबा नाहीत, म्हणजे ते राहूनच गेले. आणि पहिलं नाव तुझं आहे, त्यापुढे खूण नाही.

मी दिवसभर लिफ्टच्या विहिरीत दोरावर लोंबकळून काम करते, तेव्हा उंचीची भीती काय असते ते मला कळत नाही असं समज. पण तुझ्या पत्रांत ती प्रत्येक ओळीत आहे हे मला कळतं. आईला नाही कळत. तिला वाटतं तू रागावला आहेस.

ये, मामा. कसाही ये.

तुझी भाची

•

२४ मार्च

चिरंजीव भाचीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी बराच वेळ मोरीत जाऊन तोंड धूत बसलो. हिला वाटलं साबण डोळ्यात गेला.

तुझ्यापाशी खरं बोलतो, कारण तू दोरावर लोंबकळणारी मुलगी आहेस, कुणाचं काही सोडत नाहीस म्हणजे गुपितही सोडणार नाहीस. तुझे बाबा गेले ती बातमी आली त्याच दुपारी मी तिकीट काढलं होतं. विमानाचं. विमानतळावर गेलो, बॅग आत दिली, पट्टा काढला, पट्टा घातला. दाराशी रांग लागली आणि माझे पाय जमिनीला चिकटले. शब्दशः. मागचे लोक पुढे गेले. माझं नाव पुकारलं, चार वेळा पुकारलं, आणि मी तिथेच खांबामागे उभा राहून माझंच नाव ऐकत होतो. शेवटी माझी बॅग विमानातून शोधून काढावी लागली. चाळीस मिनिटं विमान माझ्यापायी खोळंबलं. बॅग आणून देणारा म्हणाला, "काका, तुमच्यापेक्षा ही धीट आहे."

घरी येऊन हिला सांगितलं, विमान रद्द झालं. तिने बॅगेला लटकणारी चिठ्ठी कात्रीने कापली आणि चहा ठेवला. काही विचारलं नाही. ताईला लिहिलं, रजेची अडचण. ती एकटी सगळं करत होती आणि मी रजेची अडचण लिहीत होतो. या गोष्टीची मला रोज लाज वाटते. हे तिला तू सांगू नकोस. सांगायचं तर मीच सांगेन.

मी येतो आहे. बोटीने. सगळं नीट बसवलं आहे: एकोणतीसला निघतो, एकतीसला बंदरावर. तिथे तिकीट धक्क्यावरच मिळतं, तीन दिवस आधी, हा नियम मला तोंडपाठ आहे. चार तारखेला बोट सुटते, आठला तुमच्या किनाऱ्यावर लागते, नऊला मी तुमच्या दारात. पाच दिवस ताईच्या कानाशी बोलेन. मी बोलायला कमी पडणार नाही, चौतीस वर्षं त्याचाच पगार घेतला.

यादीत माझ्यापुढे खूण करायला पेन्सिल टोकदार करून ठेव.

तुझा भित्रा मामा

•

३ एप्रिल, बंदराच्या गावाहून

तीर्थरूप ताई,

नमस्कार. मी निघालो आहे हे भाचीने सांगितलं असेलच. आता पुढचं ऐक, आणि हसायचं तेवढं हसून घे.

बोट नाही.

म्हणजे आज नाही असं नाही, मुळात नाहीच. ही प्रवासी बोट तीन वर्षांपूर्वी बंद झाली. धक्क्यावरचं तिकीटघर आता सिमेंटच्या गोण्यांचं गोदाम आहे. मी गोण्यांच्या रांगेत सामान घेऊन उभा राहिलो, मला वाटलं रांग आहे.

मग बसथांब्यावरच्या चौकशी खिडकीशी गेलो. खिडकीत एक पोरगी, पंचविशीची, केसात पेन खोचलेलं. मी माझा ग्रंथ काढला, पान उघडलं, लाल शाईतली वेळ दाखवली आणि जरा आवाज चढवून म्हणालो, हे बघा, इथे स्पष्ट लिहिलं आहे. तिने पान बघितलंच नाही. पुस्तक मिटलं, मुखपृष्ठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, आधी पुस्तकावरची तारीख बघायची, मग पान उघडायचं."

ताई, हे वाक्य माझं आहे. चौतीस वर्षं दिवसातून दहा वेळा मी ते लोकांच्या तोंडावर फेकत आलो. किती जणांना फेकलं, किती जण कानकोंडे होऊन गेले असतील, ते सगळे काल माझ्या मागे रांगेत उभे आहेत असं वाटलं. आपण सहा वर्षांपूर्वीचं पुस्तक घेऊन आलो आहोत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याला मी परत पाठवला असता.

मी विचारलं, मग आता मी काय करू? ती म्हणाली, "आम्ही पर्याय सांगतो." आणि तिने सांगितला. एकच होता. इथून तीन तासांवरच्या शहरातून विमान, मधलं सगळं भरलेलं, पहिली रिकामी जागा आठ तारखेची. मी विचारलं, दुसरं काहीच नाही? ती म्हणाली, "आजोबा, समोर पाणी आहे."

तिकीट काढलं आहे. खिडकीची जागा नको म्हणून सांगितलं, तर हसली.

हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतो आहे. आठला संध्याकाळी मी तुझ्या दारात असेन. पत्र आलं आणि मी नाही आलो, तर त्याचा अर्थ काय तो मी तोंडाने सांगितल्याशिवाय तू काही ठरवू नकोस. पण मी येईन. या वेळी बॅग आत जाऊ देणारच नाही, मांडीवर घेऊन बसेन. म्हणजे ती एकटी पुढे जाऊ शकणार नाही.

भ्यालेला, पण निघालेला,
टिल्लू

•

११ एप्रिल

अगं,

पोचलो. तुला भाचीने फोनवर कळवलं आहेच, पण मी स्वतः का बोललो नाही ते लिहितो. आधी खुर्चीत बस.

माझा आवाज गेला आहे.

विमानात चढलो. कसा चढलो विचारू नकोस. माझ्यामागे एक बाई होती, तिच्या कडेवरचं मूल माझा सदरा धरून बसलं होतं, त्याच्यासमोर परत फिरायची लाज वाटली. दार लागलं. घाबरलं की मी बोलतो हे तुला माहीत आहे. शेजारी एक गृहस्थ, सज्जन माणूस, त्याला मी सुरुवात केली. कानांना दडे बसले होते, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो आहोत ते कळेना. जमिनीवरचा मार्ग त्याला पूर्ण सांगितला, प्रत्येक बसथांब्यासकट. मग बोटीचा, बंद पडलेल्या बोटीचासुद्धा. विमान जरा हललं की माझा आवाज वर जायचा. सात तास, अगं. उतरताना तो गृहस्थ म्हणाला, "पुढच्या वेळी मी जमिनीवरूनच जाईन."

बाहेर आलो तर ताई उभी. केस सगळे पांढरे. मी धावत जाऊन तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, डोळे मिटून ती थांबली, आणि माझ्या घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, भाचीकडे बघितलं. भाचीचा चेहरा पडला, आणि ताईला कळलं की मला सगळं माहीत आहे.

आणि मग ती जी हसायला लागली! म्हणाली, "जग ओलांडून हा माझ्यासाठी आवाज घेऊन निघाला आणि तोच विमानात विसरला." भर विमानतळावर पोट धरून हसत होती. मीही हसलो, पण त्याचाही आवाज नव्हता.

डॉक्टरने घसा बघितला. म्हणाला, एकही शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, नाहीतर महिनाभर बसेल. तीन-चार दिवसांत उघडेल किंवा नाही उघडणार. बोलणाऱ्याला गप्प आणि ऐकणारीला ऐकू येईना, असे आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसतो आणि एकमेकांना चिठ्ठ्या लिहितो. म्हणजे पत्रंच चालू आहेत, फक्त टपालखर्च वाचला. ती मला काढा देते. दर दोन तासांनी मीठ-पाण्याच्या गुळण्या करून घेते, लहानपणी करून घ्यायची तशीच, मानगूट धरून.

आज अकरा. चौदाला सकाळी सातला ती दवाखान्यात जाणार. काल दुपारी मी झोपलो असं समजून माझ्या छातीवर कान ठेवून बसली होती. मी घोरायचा प्रयत्न केला, म्हटलं तेवढं तरी ऐकू दे. ते सोंगही जमलं नाही.

मला भीती वाटते गं. विमानाची वाटली त्याहून जास्त. तिला सांगायचं आहे ते चिठ्ठीवर लिहिता आलं असतं, चार वेळा लिहिलं आणि फाडलं. ते तोंडानेच सांगायचं आहे. तुला ठाऊक आहे कशाबद्दल. तू बॅगेची ती चिठ्ठी कात्रीने कापलीस त्या दिवसाबद्दल. तेव्हा तू काही विचारलं नाहीस, त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. आता बोलता येत नाही म्हणून लिहितो, तू फार चांगली आहेस.

टाकी भरून वाहू देऊ नकोस.

तुझाच, मुका

•

२५ मे

टिल्ल्या,

तू सुखरूप पोचल्याचं भावजयीचं पत्र आलं. जाताना विमानात तोंडाला रुमाल बांधून बसलास आणि एका शब्दानेही बोलला नाहीस म्हणे. शेजारच्याचं नशीब.

परवाच्या सोमवारी माझं यंत्र सुरू केलं. डॉक्टरीणबाई बोलल्या आणि मला वाटलं कुणी चमचे घासतं आहे. भाची बोलली, तेही तसंच. बिचारी रडायला लागली, तर ते रडणंही चमच्यांचंच! मग आम्ही दोघी हसलो. पण चहाचं आधण उकळलेलं मला मागच्या खोलीतून ऐकू आलं आणि मी धावत जाऊन गॅस बंद केला. किती वर्षांनी! दाराची घंटा कळते. बाई म्हणाल्या, रोज सराव करा, सहा महिन्यांत माणसं ओळखू यायला लागतील. दुकान पुन्हा उघडायचं माझ्या मनात आहे. तू फोन करू शकतोस आता. फक्त मी तुला ओळखलं नाही तर रागावू नकोस, नाव सांगत जा.

एक सांगायचं राहिलं होतं. तू इथे असताना सांगितलं नाही, कारण तू पुन्हा ओरडला असतास.

तेरा तारखेला दुपारी तुझा घसा उघडला. पूर्ण नाही, फाटका, गंजलेल्या बिजागरीसारखा. मी भाजी निवडत होते. तू माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढलीस, वाकलास आणि म्हणालास, "ताई, भावोजी गेले तेव्हा मी विमानतळापर्यंत आलो होतो. दारातून परत फिरलो. राग नव्हता गं. भ्यालो. तू तिकडे एकटी होतीस आणि मी भ्यालो."

मी म्हटलं, काय? ऐकू येत नाही.

तू पुन्हा म्हणालास, सगळंच्या सगळं. मी कान पुढे केला आणि म्हटलं, अरे, मोठ्याने बोल. तिसऱ्यांदा तू इतक्या जोराने ओरडलास की समोरच्या आजीने खिडकी उघडली. "मी भ्यालो" असं ओरडता ओरडता तुझे डोळे गळत होते, नाक गळत होतं, आणि तू माझ्याच पदराला पुसलंस. मग मी मान हलवली आणि म्हटलं, हां, आता आलं.

टिल्ल्या, मला पहिल्या वेळेलाच नीट ऐकू आलं होतं. शब्दन् शब्द. तुझ्यावरचा राग तिथेच गेला. पण म्हटलं, उद्यापासून हा आवाज मिळायचा नाही, तीनदा तरी ऐकून घेऊ.

ताई